अण्णांच्या डोक्यातली अनुक्रमणिका आणि माळ्यावरचे केसपेपर

कृष्णाकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज धागा काढतेय, कारण घरात या विषयावर रोज बोलणं होतं आणि निर्णय काही होत नाही.

सांगलीपासून अर्ध्या तासावर, नदीकाठच्या गावात आमचा दवाखाना आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, १९८१ साली एका खोलीत सुरू केला. आता यजमान एमडी होऊन इथेच बसतात. खाली ओपीडी, वर दहा खाटा. मी डॉक्टर नाही, बीकॉम आहे. लग्न होऊन आले आणि काउंटर, हिशेब आणि केसपेपर माझ्याकडे आले.

अण्णांची पद्धत आधी सांगते, कारण सगळी अडचण तिथेच आहे. त्यांनी कार्डं अक्षरांच्या क्रमाने लावलीच नाहीत. प्रत्येक गावाचं एक खोकं. खोक्यात आडनावाचे गठ्ठे, गठ्ठ्यात एकेका घराचं पाकीट, आणि पाकिटात आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांची कार्डं. पेशंटने गाव आणि वडिलांचं नाव सांगितलं की अर्ध्या मिनिटात कार्ड हातात. घरात कुणाला साखर, कुणाला टीबी होऊन गेला, कोणाचा हात धरून कोण येतं, सगळं एका पाकिटात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्क झाले होते.

ऑगस्ट २०१९ ला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यावर पाणी खिडकीच्या माथ्याला लागलं. बोट येईपर्यंत अण्णा गरोदर बायकांची आणि बीपी-शुगरच्या पेशंटांची पाकिटं वर नेत होते. तरी तीन गावांची खोकी गेलीच. पाणी उतरल्यावर आत गेलो तर कार्डांचा लगदा झाला होता, वर शाईचा निळा थर. अण्णा त्या लगद्यापाशी बराच वेळ उभे होते. उरलेलं सगळं आता माळ्यावर आहे. माझ्या अंदाजाने साठ हजारांच्या आसपास कार्डं.

पुराला सहा वर्षं उलटली. तरी आम्ही हललो ते पुरामुळे नव्हे, गेल्या दिवाळीत घडलं त्यामुळे. एक सासुरवाशीण भाऊबिजेला माहेरी आली होती. दाढ सुजलेली, ताप. तिने नाव सांगितलं ते सासरचं, गावही सासरचं. कार्ड सापडेना, म्हणून मी नवीन केलं. ॲलर्जी आहे का विचारलं, ती नाही म्हणाली. यजमान अमॉक्सिसिलिन लिहीत होते, ते पेनिसिलिनच्याच गटातलं औषध. तेवढ्यात अण्णा चहाला खाली आले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू वरच्या आळीच्या मास्तरांची धाकटी ना? अगं, तुला पेनिसिलिननं गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते." मास्तरांच्या घरचं पाकीट काढलं. २००४ चं कार्ड, तेव्हा ती सात वर्षांची. लाल शाईने अण्णांनी लिहिलेलं: "पेनिसिलिन नको." तिला स्वतःला आठवत नव्हतं. तिची आई आता नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कागद होता, अक्षर वाचता येत होतं, माळ्यावर सुरक्षित होता, आणि तरी आमच्या उपयोगी पडला नसता. कागदापर्यंतची वाट अण्णांच्या डोक्यात आहे. ते ७४ वर्षांचे आहेत. हल्ली एखादं नाव आठवायला त्यांना थांबावं लागतं.

स्कॅनिंगवाला म्हणतो, सगळं स्कॅन करून हार्ड डिस्कवर देतो. तीन सॉफ्टवेअरवाले येऊन दाखवून गेले, तिन्ही पडद्यांवर पहिला रकाना 'नाव' आणि दुसरा 'मोबाईल'. यजमान म्हणतात, जुनं सोड, आजपासून नवीन सुरू करू. अण्णा काहीच बोलत नाहीत. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा.

---

स्टेथो | ११ जानेवारी, रात्री ११:२५

ताई, मी सिन्नर भागात जनरल प्रॅक्टिस करतो. सहा वर्षांपूर्वी याच वळणावर होतो. एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका: मी सगळं स्कॅन करून घेतलं. पैसे गेले ते गेले. हाती आली हजारो चित्रं. चित्रात शोधता येत नाही. माझं अक्षर मलाच लावता येत नाही, तर संगणकाला काय लावता येणार. पेशंट समोर बसलेला असताना चाळीस पानांची पीडीएफ कोण उघडतो? वर्षभरात मी त्यातल्या दहाही उघडल्या नाहीत.

मग मी उलटं केलं. येईल त्याचा कागद. पेशंट आला की त्याचं जुनं कार्ड काढायचं आणि त्यातून पाचच गोष्टी संगणकात घालायच्या: कशाची ॲलर्जी, कोणते कायमचे आजार, कोणत्या शस्त्रक्रिया, सध्या चालू औषधं, आणि घरातल्यांत काय आहे. मग कार्डावर हिरवी टिकली. दीड वर्षात माझ्याकडे नेमाने येणारे जवळजवळ सगळे आत आले. उरलेली कार्डं माळ्यावर आहेत, राहू देत.

ही माझी कल्पना नाही. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की केसपेपर तारखेने लिहीत जाण्यापेक्षा पेशंटच्या समस्यांच्या यादीभोवती रचावा. ती यादी पहिल्या पानावर हवी. तुमच्या अण्णांची लाल शाई म्हणजे तीच यादी.

आणखी एक कळकळीने सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये तक्रारींची तयार यादी असते, तिच्यावर विसंबू नका. आपल्याकडची बाई "अंगावरून जातं" म्हणते. पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि त्या यादीत 'अंगावरून जातं' नसतंच. म्हातारे "डोकं हलकं होतं" म्हणतात. ते चक्कर म्हणून टिपलं तर निम्मं हरवतं. पेशंटचे शब्द मराठीतच एका मोकळ्या रकान्यात लिहा, निदान शेजारी लिहा.

आणि तयार मजकुरापासून जपा. माझ्या संगणकावर एक बटण दाबलं की "छाती स्वच्छ, पोट मऊ" आपोआप उमटायचं. एकदा लक्षात आलं की पायाला लागून आलेल्या माणसाच्या नोंदीतही छाती स्वच्छ आहे, आणि मी स्टेथोस्कोप लावलाच नव्हता. ते बटण त्याच दिवशी काढून टाकलं. कागदावर खोटं लिहायला हात चालवावा लागतो, इथे ते न लिहिताच लिहिलं जातं.

---

संगणकी | १२ जानेवारी, सकाळी ९:१०

पुण्यात रुग्णालयांच्या प्रणालींवरच काम करतो. धाग्यातली सासुरवाशीण आम्हाला रोज भेटते.

आपल्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पत्ता बदलतो. मोबाईल नवऱ्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. म्हणजे ज्या माणसाच्या आरोग्याच्या नोंदी सलग असण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याचेच तुकडे होतात. बहुतेक प्रणाली हे गृहीतच धरत नाहीत. त्यामुळे विकत घेण्याआधी विचारा: 'माहेरचं नाव' आणि 'माहेरचं गाव' यांना वेगळा रकाना आहे का, आणि त्यावरून शोधता येतं का? नसेल तर करून द्या म्हणा. फार अवघड काम नाही.

जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. ग्रामीण भागात एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एका रुग्णालयाची यादी मी तारखेने लावली तर १ जूनखाली पानंच्या पानं निघाली. मोबाईलही घरात एकच असतो, म्हणजे पाच माणसांचा तोच. नावं इंग्रजीत लिहिली की लक्ष्मी तीन-चार तऱ्हांनी लिहिली जाते. शक्य असेल तर नाव देवनागरीत, युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या प्रमाण लिपीसंकेतात) घ्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पुढे शोधता येत नाही.

आभा क्रमांक, म्हणजे सरकारच्या डिजिटल मिशनमधला प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक, इथे खरोखर उपयोगी आहे. १४ अंकी आहे. नाव, गाव, मोबाईल काहीही बदललं तरी तो तोच राहतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं. त्याआधी २०२० मध्ये सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली होती. लोकांचा एक गैरसमज असतो की आभा काढलं की आपले सगळे कागद सरकारच्या एका संगणकात जातात. तसं नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. पेशंटने मोबाईलवर संमती दिली तर, दिली तेवढ्याच मुदतीसाठी आणि तेवढ्याच कारणासाठी दुसऱ्या डॉक्टरला ती दिसते. संमती मागेही घेता येते. आणि आभा ऐच्छिक आहे. नसेल म्हणून कुणाला परत पाठवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. करारावर सही करण्याआधी एकच प्रयोग करून घ्या. विक्रेत्याला म्हणा, "दहा खोटे पेशंट भरा, आणि मला त्यांची सगळी माहिती दुसऱ्या प्रणालीत घालता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून दाखवा." पीडीएफ नव्हे. आजाराच्या नोंदीला प्रमाण संकेत वापरतात का विचारा. स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा कोश भारतात विनाशुल्क वापरता येतो आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. देवाणघेवाणीसाठी 'फायर' (FHIR) हे मानक आहे, आभाची व्यवस्था त्यावरच चालते. माझ्या ओळखीच्या एका दवाखान्याचा विक्रेता धंदा बंद करून गेला. सात वर्षांची माहिती त्यांच्याच संगणकात आहे, पण वाचता येत नाही. पुराने नेलेल्या कार्डांसारखंच झालं ते.

विकतचं नको असेल तर मुक्त प्रणालीही आहेत. ओपनएमआरएस या मुक्त केसपेपर-सॉफ्टवेअरवर बांधलेली 'बाहमनी' मुळात छत्तीसगडमध्ये गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयासाठी उभी राहिली. पण ती बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो. तुमच्या दहा खाटांना ते झेपेल का, हे तुम्हीच ठरवा.

---

जुनीफाईल | १२ जानेवारी, दुपारी १:३५

मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या एमआरडीत, म्हणजे वैद्यकीय अभिलेख विभागात ३१ वर्षं होतो. आता निवृत्त आहे. दोन शब्द कागदाच्या बाजूने.

आमच्याकडे फायली शेवटच्या आकड्यावरून लावत. समजा फाईल क्रमांक ४२-१७-३६. तर आधी ३६ च्या कपाटाशी जायचं, तिथे १७ चा खण, आणि त्यात ४२ वी. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. पण क्रमाने लावलं तर नव्या फायली सगळ्या एकाच टोकाला साठतात आणि दहा माणसं एकाच कपाटापुढे उभी राहतात. शेवटच्या आकड्यावरून लावलं की शंभर कपाटांत काम सारखं वाटलं जातं. फाईल बाहेर गेली की तिच्या जागी खुणेचं पुठ्ठ्याचं कार्ड: कुणी नेली, कधी नेली. ही शिस्त होती म्हणून लाखो फायलींत हवी ती सापडायची.

सांगायचं ते असं की शिस्त आधी. माझ्या नोकरीच्या शेवटी संगणक आला तेव्हा एका पेशंटचे तीन तीन क्रमांक निघाले, कारण कागदावर आधीच तीन होते. ताई, आधी तुमची पाकिटं तपासा. एका माणसाची दोन कार्डं असतील तर ती कागदावरच एकत्र करा. क्रमांक एकदा दिला की दिला. पेशंट गेला तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

अण्णांची घराघराची पाकिटं मोडू नका एवढीच विनंती.

---

परिचारिका_३० | १२ जानेवारी, रात्री ९:५०

मी सरकारी सेवेत, ३० वर्षं झाली. आधी उपकेंद्रात, आता वॉर्डला.

सगळे डॉक्टरच्या नोंदीबद्दल बोलताहेत. वॉर्डातला निम्मा कागद आमचा असतो हे कुणी लक्षात घेत नाही. टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), सलाईन किती गेलं आणि लघवी किती झाली, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, रात्रपाळीची नोंद. ही नोंद खाटेपाशी होते, टेबलापाशी नाही. संगणक नर्सिंग स्टेशनला ठेवला तर काय होतं सांगते. सिस्टर हातावर पेनने साखरेचा आकडा लिहिते, चार खाटा फिरते, मग येऊन टाइप करते. हातावर दोन आकडे असले की अदलाबदल होऊ शकते. इन्सुलिनच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतेल. एक तर टॅब खाटेपाशी न्या, नाहीतर खाटेपाशी कागदच राहू द्या. मधलं काही करू नका.

दुसरं दुःख दुहेरी नोंदीचं. उपकेंद्रात असताना गरोदर बाई आली की आरसीएच, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या रजिस्टरमध्ये लिही, माता बाल कार्डावर लिही, पोर्टलवर भर, लसीकरणाचं वेगळं, महिन्याच्या अहवालात पुन्हा. टॅब दिला तेव्हा वाटलं होतं की रजिस्टर सुटेल. सुटलं नाही, टॅब वाढला. संध्याकाळी घरी नेऊन, पोरांचं जेवण झालं की नेटवर्क यायची वाट बघत भरायचो. डिजिटल झालं म्हणून काम कमी होतं असं मला कुणी सांगू नये. ज्या दिवशी संगणकात नोंद सुरू कराल त्याच दिवशी कोणतं रजिस्टर बंद करणार तेही ठरवा, तारीख घालून भिंतीवर लावा. नाहीतर तुमच्या दोन सिस्टर सहा महिन्यांत नोकरी सोडतील.

आणि कोरे छापील फॉर्म कायम कपाटात ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयात कितीतरी दिवस सगळं हाताने चालवावं लागलं. आमच्याकडे तर वादळवाऱ्यात लाईट जाणं नेहमीचंच. महिन्यातून एक दिवस मुद्दाम संगणक बंद ठेवून काम करून बघा.

---

कोकणातली | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

चिपळूणची आहे. जुलै २०२१ ला आमच्याकडेही तेच झालं. ओली कार्डं अजून असतील आणि पुन्हा कधी अशी वेळ आली (येऊ नये), तर चिकटलेले कागद ओढून सोडवू नका आणि कडक उन्हात टाकू नका. लगेच वाळवायला जमत नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. बुरशी थांबते, आणि मग सवडीने थोडे थोडे काढून पंख्याखाली वाळवता येतात. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच इमारतीत ठेवू नका हो. आमच्या शेजारच्या लॅबची डिस्क संगणकासोबतच पाण्यात गेली.

---

काळाकोट | १३ जानेवारी, दुपारी ४:०५

वकिली करतो, त्यामुळे कोरडं लिहीन, पण यात चूक झाली तर माणसं अडचणीत येतात.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितले की ७२ तासांत द्यायचे. कागद देणं हा डॉक्टरचा उपकार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. त्याच नियमांत नोंदी संगणकीकृत करण्याचा प्रयत्न करावा असंही आहे. म्हणजे कल्पना जुनीच आहे.

सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) नोंदी, 'फॉर्म एफ'सकट, किमान २ वर्षं, आणि प्रकरण चालू असेल तर निकालापर्यंत. पोलीस केसचे मूळ कागद स्कॅन केले म्हणून नष्ट करू नका. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात चालते, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ कागद हातात असला की तो वादच निघत नाही.

आता एका जागी थांबतो, कारण सॉफ्टवेअरवाले इथे हमखास चुकतात. गर्भपाताच्या नोंदी. एमटीपीच्या (वैद्यकीय गर्भपाताच्या) नियमांनुसार दाखल रजिस्टर गुप्त असतं आणि ५ वर्षं सांभाळायचं असतं. केसशीट, ऑपरेशनचं रजिस्टर, फेरतपासणीचं कार्ड, कुठेही त्या बाईचं नाव येता कामा नये, फक्त रजिस्टरमधला अनुक्रमांक. संगणकात काय होतं? नाव टाकून शोधलं की सगळ्या भेटी एकाखाली एक. काउंटरवरच्या मुलीला दिसतात. ती मुलगी त्याच गावची. त्या बाईची नणंद तिची मैत्रीण. पुढचं मी लिहायला नको. या नोंदी सर्वसाधारण प्रणालीत घालूच नका, रजिस्टर कुलपातच राहू द्या. एचआयव्हीच्या बाबतीतही तसंच, २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. जुन्या केसपेपरच्या दर्शनी पानावर लाल खूण करायची पद्धत होती. ती खूण संगणकात पहिल्या पडद्यावर आणू नका.

कोणाला काय दिसावं हे आधी कागदावर ठरवा आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत, टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुम्हाला तेवढा होईल असं नाही, पण रिपोर्टचे फोटो कंपाउंडरच्या मोबाईलवरून व्हॉट्सॲपने फिरताहेत, हे आता चालणार नाही.

---

आईचीमुलगी | १३ जानेवारी, रात्री ११:४०

पेशंटच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या आईला २२ वर्षं मधुमेह, आता किडनीचा त्रास. ठाण्यात असतो. आमच्या घरी कपाटात एक कापडी पिशवी आहे. त्यात सगळं. क्रिएटिनिनचे (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) २०१५ पासूनचे रिपोर्ट मी एका वहीत तारीखवार उतरवलेत, कारण तीन वेगळ्या डॉक्टरांकडे तिचे तीन वेगळे केसपेपर आहेत आणि कुणाकडेच सगळे आकडे नाहीत. नवीन डॉक्टर वही बघतात आणि म्हणतात, "हे बरं केलंत." रक्तातला आकडा दहा वर्षांत कसा सरकत गेला, हे फक्त माझ्या वहीत आहे.

तुमच्या दवाखान्यात साठ हजार कार्डं जपलीत, खरंच नमस्कार करते. पण त्या मास्तरांच्या मुलीच्या हातात "मला पेनिसिलिन चालत नाही" एवढा एक कागद असता, तर ती सासरच्या गावीही वाचली असती. तिथे अण्णा नाहीत.

---

दूरदेशी | १४ जानेवारी, पहाटे ३:२०

लेस्टरहून. संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी इथे एका जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात काही वर्षं जुन्या कागदांचे सारांश काढायचं काम केलं. होय, इथे या कामाला वेगळं माणूस नेमतात. ब्रिटनमध्ये १९११ च्या विमा कायद्यानंतर जी कागदी नोंद सुरू झाली, तिला, तो कायदा आणणाऱ्या मंत्र्याच्या नावावरून, अजून लॉइड जॉर्ज पाकीट म्हणतात. छोटं तपकिरी पाकीट, त्यात जन्मापासूनच्या चिठ्ठ्या घड्या घालून कोंबलेल्या. पेशंटने गाव बदललं की पाकीट त्याच्यामागे जातं. मी ते उघडायची, शेवटच्या कागदापर्यंत वाचायची आणि महत्त्वाचं तेवढं संकेत लावून संगणकात घालायची. शंका आली तर डॉक्टरांना विचारायची. दिवसाला मोजकीच पाकिटं व्हायची. घाई केली की चुकायचं.

इथल्या सरकारनेही एकदा घाई केली होती. २००२ मध्ये सगळ्या रुग्णालयांना वरून एकच प्रणाली देण्याचा कार्यक्रम काढला, अब्जावधी पौंड घातले आणि २०११ मध्ये तो गुंडाळायची घोषणा केली. जीपींचे छोटे दवाखाने मात्र त्याच्या आधीपासून आपापले संगणकावर आले होते, कारण ते काम तिथल्याच माणसांनी, आपल्या गरजेपुरतं, हळूहळू केलं.

कृष्णाकाठ ताई, तुमच्याकडे सारांश काढणारा माणूस घरातच आहे. अण्णांना विचारून बघा.

---

कृष्णाकाठ | १ मार्च, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, पण करून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

स्कॅनिंगवाल्याला नाही सांगितलं. सॉफ्टवेअर घेतलं, माहिती बाहेर काढून दाखवायचा प्रयोग आधी करून घेतला. तिघांपैकी एकालाच जमला, त्याचंच घेतलं. माहेरचं नाव आणि गाव हे रकाने त्याने आठवड्यात करून दिले. 'घर' असाही एक रकाना करून घेतला, म्हणजे पाकीट संगणकातही पाकीटच राहिलं. वॉर्डात सध्या कागदच ठेवलाय, परिचारिका ताईंचं वाचून सिस्टरनी हात जोडले. एमटीपीचं रजिस्टर कुलपात, किल्ली यजमानांकडे. एक डिस्क दर शनिवारी माझा भाऊ मिरजेला घेऊन जातो.

आणि अण्णा. दूरदेशी ताईंचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्वतः खाली येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आता रोज बसतात. पेशंट आला की पाकीट काढायचं, ते कार्ड वाचतात, मी पाच ओळी भरते. कार्डावर नाही असंही ते बरंच सांगतात. "हिच्या आजीला पण असाच दमा होता." "याला सुई बघून भोवळ येते, झोपवून द्यायची." तेही लिहून घेते, खाली अण्णांनी सांगितलं असं नोंदवून. दीड महिन्यात साडेसातशे कार्डं झाली. पुरात गेलेल्या तीन गावांतले लोक आले की अण्णा आणि पेशंट दोघं मिळून आठवतात. त्यात वेळ जातो, बाहेर रांग लागते. यजमान सुरुवातीला कुरकुरले, आता नाही.

प्रत्येकाला जाताना पाच ओळींचा कागद छापून देतो, मराठीत, मोठ्या अक्षरात. मास्तरांच्या मुलीला पोस्टाने पाठवला. तिने सासरहून फोन करून सांगितलं की लॅमिनेट करून घेतलाय.

एक प्रश्न उरलाय. अण्णांनी काल एक खण उघडून दाखवला. गेलेल्या माणसांची कार्डं. कितीतरी आहेत, सगळी सुतळीत नीट बांधलेली. ती ३ वर्षांच्या नियमात बसत नाहीत आणि 'येईल त्याचा कागद' यातही नाहीत, कारण ती माणसं येणार नाहीत. अण्णा म्हणाले, "यांचं काय करायचं ते तू ठरव." माझ्याने ठरवत नाहीये.

---

जुनीफाईल | १ मार्च, रात्री ११:००

ताई, त्यांची मुलंनातवंडं तुमच्याकडे येतात ना? त्या कार्डातला आजार नातवाच्या 'घरातल्यांत काय आहे' या ओळीत घाला. मग कार्ड परत त्याच्या घरच्या पाकिटात ठेवा. वेगळा खण नको.